वेशीवरची हाळी

मी ग्रामसेविका होते. पदाचं नाव मधे बदललं, पण गावात मला शेवटपर्यंत ग्रामसेविकाच म्हणत, आणि तोंडावर मॅडम. नळाची गळती, जन्ममृत्यूच्या नोंदी, गटारं, पाण्याच्या टाकीतली टीसीएल पावडर, मासिक सभेचं इतिवृत्त हे माझं काम. परंपरा, संस्कृती असले शब्द माझ्या टेबलावर कधी यायचे नाहीत. माझं माहेर जत तालुक्यातलं. टँकरचा आवाज आला की हंडे घेऊन पळायचं, हीच आमच्या गावची परंपरा. त्यामुळे कुणी गावाच्या वारशाबद्दल गहिवरून बोलायला लागलं की माझी नजर घड्याळाकडे जायची.

ज्या गावाबद्दल लिहिते आहे ते वाईच्या बाजूचं, कृष्णेच्या काठावरचं. तिथे मी सहा वर्षं काढली. नदीला उतरणारा दगडी घाट होता, त्याच्या पायऱ्या निखळलेल्या. काळ्या पाषाणाचं देऊळ होतं, दीपमाळ होती, गाळानं भरलेली एक बारव होती. खंबाटकी उतरून पाचगणीला जाणाऱ्या गाड्या फाट्यावरून सुसाट निघून जायच्या. त्यातली एकही आमच्याकडे वळायची नाही, आणि वळली असती तर आतल्या बायकांना जायला संडास नव्हता.

म्हणून ती योजना आली तेव्हा मला तिच्यात आधी संडास दिसले. गावानं आपला वारसा जपायचा, पाहुण्यांना दाखवायचा आणि त्यातून गावातल्या लोकांना काम मिळवून द्यायचं, अशी ती योजना. घाटाची दुरुस्ती, बारवेचा गाळ, स्वच्छतागृह, बचत गटाच्या बायकांना बसायला गाळे, सगळं त्यात होतं. प्रस्ताव मात्र झकास पाहिजे होता. प्रस्ताव लिहिण्यात मी तालुक्यात पहिली होते, हे लोक म्हणायचे आणि मलाही ते पटलेलं होतं.

प्रस्तावात एक रकाना होता: गावाची वैशिष्ट्यपूर्ण परंपरा. बाकीचे सगळे रकाने भरले, हाच अडला. शेवटी एका सकाळी सरपंच आणि मी देवळाच्या ओट्यावर पालखीच्या मानकऱ्यांकडे गेलो. वय झालेला, ताठ माणूस. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं.

"आबा, पालखी काय सगळ्याच गावात हाय," सरपंच म्हणाले. "आपलं येगळं काय ते सांगा मॅडमना. लवकर सांगा, त्येंना लय कामं हायती."

"येगळं कसं न्हाई? आपली पालखी वेशीवर थांबती."

"का थांबते?" मी विचारलं.

"म्होरं पेटती दिवटी धरून चालायचा मान वेस राखनाऱ्या येसकराचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्येंनी धर्म बदलला, दिवटी सोडली. सोडू द्या. पर गावानं त्यो मान दुसऱ्या कुणाला दिला न्हाई. अजून जत्रंदिवशी पालखी त्येंच्या गल्लीच्या तोंडाला थांबती. 'येसकर, दिवटी घिऊन या हो' अशी तीन बार हाळी द्यायची. जरा येळ वाट बघायची. आन मग बिनदिवटीचंच म्होरं जायचं."

"कुणी येतं का?"

"कोन येतंय? पर ज्येचा मान त्येला." आबांनी छातीवर हात ठेवला. "आसं गाव दावा मला दुसरं."

खरंच दाखवता आलं नसतं. मला मनातून हायसं वाटलं. रकाना भरला.

त्याच दुपारी मी सातवं पान लिहिलं. 'शतकानुशतके चालत आलेल्या या प्रथेत धर्मांतरानंतरही गावाने सदर कुटुंबाचा मान अबाधित राखला असून, दरवर्षी त्यांना सन्मानाने पाचारण केले जाते. सामाजिक सलोख्याचे असे उदाहरण दुर्मीळ आहे.' एका दमात लिहिलं. वाचून बघितलं आणि मला ते आवडलं.

वेशीतून आत शिरलं की उजव्या हाताला ती गल्ली. दहा-बारा घरं, सगळी बौद्धांची. पाचारण केलं जातं ते पहिल्या घराला. त्या घरची सून आमच्या गावची अंगणवाडी सेविका होती. अंगणवाडी आणि ग्रामपंचायत यांच्यामधे एकच भिंत. ती माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, कामाला वाघ. कुठल्या पोराचं वजन घटलंय, कुठल्या बाईला दिवस गेलेत, कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे मला तिच्याकडून कळायचं. रोज अकराला आम्ही दोघी चहा प्यायचो. मी साताऱ्याहून येताना कधी बिस्किटं आणायची, कधी ती घरून शेंगदाण्याची चटणी आणायची. पान लिहिताना ती भिंतीपलीकडे पोरांना गाणं शिकवत होती. उठून दहा पावलं गेले असते तर विचारता आलं असतं. मला ते सुचलंसुद्धा नाही. देऊळ, पालखी, मान यांची माहिती विचारायची ती आबांना, हे मी इतकं गृहीत धरलं होतं.

प्रस्ताव टाइप होऊन आला तेव्हा सरपंचांनी तो चहाच्या टपरीवर चार जणांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती आली. हातात पोषण आहाराचं रजिस्टर होतं, झेरॉक्स काढायचं निमित्त.

"मॅडम, सातव्या पानावर आमचं घर हाय म्हणं."

"घराचं नाव नाही घातलेलं मी."

"येसकर घातलंय न्हवं? मग गावात अजून किती येसकर हायती?"

मी हसले. ती हसली नाही.

"तेवढं एक पान काढा," ती म्हणाली. "बाकी सगळं झ्याक हाय. घाट हुईल, संडास हुईल, बायकांना काम मिळंल. मी काय आडवी येत न्हाई. पर तेवढं पान नगं."

"बघते," मी म्हणाले.

सरकारी नोकरीत 'बघते' म्हणजे काय ते मला माहीत होतं, आणि तीही मानधनावरची का होईना, सरकारचीच. ती गुमान झेरॉक्स काढून गेली.

प्रस्ताव द्यायला दोन दिवस उरले होते. पानापानावर सगळ्या सदस्यांच्या सह्या झालेल्या. सातवं पान काढलं तर पुढचे आकडे बदलायचे, पुन्हा सह्या घ्यायच्या, त्यातले दोन सदस्य पुण्याला गेलेले. कारणं खोटी नव्हती. पण याहून अवघड कामं मी दोन दिवसांत केली आहेत. खरी गोष्ट अशी की मला ते वाक्य काढायचं नव्हतं. ते काढलं तर आमचं गाव बाकीच्या पन्नास गावांसारखं दिसलं असतं. आणि मनात असंही आलं की पन्नास बायकांच्या संडासापुढे एका शब्दाचं काय एवढं? टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला असं वाटायला फार वेळ लागत नाही. मी फाइल बांधली आणि जमा केली.

काम मंजूर झालं. पुढच्या वर्षभरात गाव ओळखू येईना असं झालं. पायऱ्या बसवल्या, तेही गावातल्याच पाथरवटांकडून. बारवेतून गाळ निघाला तो शेतांत गेला, आणि उन्हाळ्यात जनावरांना पाणी मिळालं. गाड्या फाट्यावरून वळायला लागल्या. बचत गटाच्या बायका गाळ्यांत बसून पिठलं-भाकरी, घेवडा, हळद, हातसडीचा तांदूळ विकू लागल्या. जी बाई नवरा गेल्यावर माहेरी निघाली होती ती भाकरीच्या गाळ्यावर राहिली. भावकीतली दोन घरं, ज्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं, ती गाळ्याच्या पाळ्या ठरवायला एका सतरंजीवर बसली. त्याच गल्लीत वेगळ्या राहणाऱ्या सेविकेच्या जावेनंही एक गाळा घेतला. हे सगळं झालं, माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि ते चांगलं झालं. हे लिहायला मला जड जात नाही. जड जातं ते पुढचं.

योजनेतून गावात माहितीचे फलक लागले. देवळापाशी एक, बारवेपाशी एक, घाटावर एक. चौथा वेशीत, त्या गल्लीच्या तोंडाला. काळ्या फरशीवर कोरलेली पांढरी अक्षरं. माझं वाक्य. लांबलचक होतं म्हणून थोडं छाटलं होतं, पण 'शतकानुशतके' होतं, 'सन्मानाने' होतं आणि 'येसकर' मोठ्या अक्षरात होतं. फलक बसवला त्या दिवशी गटविकास अधिकारी आले होते. त्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि कुणी लिहिलं म्हणून विचारलं. सरपंचांनी मला पुढे ढकललं. मी गेले पुढे.

गावातला एक रिक्षावाला पाहुण्यांना गाव फिरवून आणायला लागला. आवाज खणखणीत. फलकासमोर आला की तो छाती फुगवून हाळी देऊन दाखवायचा. "येसकर, दिवटी घिऊन या हो!" तीन बार. पाहुणे मोबाइल धरायचे, टाळ्या वाजवायचे. शनिवार-रविवारी दिवसातून पाच-सहा वेळा. माझ्या टेबलापर्यंत तो आवाज यायचा. मी खिडकीतून बघायचे आणि गाड्या मोजायचे.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून पोरांचा गलका आला. रोजचाच होता, पण त्यात ती हाळी होती, बोबडी. "येशकल, दिवती घिऊन या हो!" मला हसू आलं. कागद बाजूला ठेवून मी बघायला गेले. चार पोरांनी पाटावर एक भावली बसवली होती आणि पाट उचलून धरला होता. ती पालखी. पालखी अंगणवाडीच्या दारात थांबलेली. आत सेविका बसलेली. पोरं तिच्याकडे बघून ओरडत होती आणि आता बाई काय करतात म्हणून खिदळत होती. ती वजनकाट्याचा काटा बघत राहिली. तिसऱ्या हाळीनंतर एक पोरगी म्हणाली, "बाई, वो द्या की!" ती उठली, पाट काढून घेतला, भावली फडताळात ठेवली. पोरं रडायला लागली.

अकराला ती चहाला आली नाही. मीच गेले.

"पोरांना काही कळत नाही गं," मी म्हणाले.

"मला ठावं हाय की. त्येंच्यावर कुठं रागावली मी?" ती खिचडीचं पातेलं घासत होती. "मॅडम, येक सांगा. पोरांचा खेळ हुता. मी वो द्यायला पायजे हुती का?"

मी खाली पडलेला पाट उचलून भिंतीला लावला.

"आधी वर्षातनं एकदाच हुतं," ती म्हणाली. "जत्रेदिवशी आमी समदी कऱ्हाडजवळ मलकापूरला जातो, नंदंकडं. तुमाला वाटत आसंल, बौद्धांची हायती, जत्रंला कशाला थांबतील. तसं न्हाई. हाळी ऐकू नगं म्हणून जातो. मामांचा, माझ्या सासऱ्यांचा, नेम हाय त्यो. लगीन करून आले तवापासनं बघतीय, त्या दिवशी घराला कुलूप. आता तर रोजच हाळी हाय. रोज मलकापूरला जाऊ का?"

मी म्हणाले, "मी करते काहीतरी." 'बघते' म्हणायचं तेवढं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या सासऱ्यांना भेटायला गेले. काय म्हणून गेले ते स्पष्ट सांगते. मला वाटलं होतं, जुना माणूस आहे, म्हणेल की होय बाई, मान आमचाच आहे, सुनेला उगाच लागतंय. तसं ते म्हणाले असते तर माझं काम हलकं झालं असतं.

ते फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. दारात खुर्ची टाकून बसले होते. पाठीला कणा असा की बंदूक उभी केल्यासारखी. मी नमस्कार केला. ते "जयभीम" म्हणाले. सहा वर्षांत मी त्या उंबऱ्यापर्यंत पहिल्यांदाच आले होते. घरपट्टी शिपाई वसूल करायचा, आणि सेविका मला रोज ऑफिसातच भेटायची.

"बसा," ते म्हणाले. "तुमीच लिवलाय म्हणं त्यो बोर्ड."

"हो."

"अक्षर चांगलं हाय."

ते माझी चेष्टा करत होते की काय, मला कळेना. मी म्हणाले, "आबा म्हणाले, मान तुमचाच राखून ठेवलाय गावानं."

"आबा माझ्यापरास बारका. तवा बापाच्या खांद्यावर बसून आला हुता त्यो, त्येला काय ठावं?" त्यांनी वेशीकडे हात केला. "मी हुतो तितं. धा वर्साचा आसंन. पालखी निघायची हुती. माझ्या बापानं दिवटी वेशीत खाली ठिवली. लय मोठं बोलला न्हाई त्यो. आजपातूर केलं, आता करनार न्हाई, म्हणला. आन आमास्नी हाळी दिऊ नका. बास. येवढंच मागितलं गावाकडं. जमीन न्हाई मागितली, पैका न्हाई मागितला."

"मग?"

"मग त्याच साली सुरू केली की हाळी. तीन बार."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे त्याच्या आधी हाळी नव्हती?"

"कशाला आसंल? आमी हजरच आसायचो की, दिवटी घिऊन. हजर माणसाला कोन हाक मारतंय?" ते हसले. दात नव्हते, पण हसणं धारदार होतं. "फौजेत सतरा वर्सं हवालदार म्हणून हाक ऐकली. काश्मीरला बर्फात ऐकली. सुट्टीवर आलो आन त्यो दिस गावला तर येसकर. म्हणून मग जत्रंला सुट्टी घ्यायचं सोडलं. तुमी लिवलंय, शतकानुशतकं. हिशोबानं लिवा की बाई. माझ्या डोळ्यांम्होरं जलामलंय त्ये."

आतून सेविका चहा घेऊन आली. मी कप घेतला. चहा चांगला झालाय म्हणाले.

त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि नेमकी तीच गोष्ट गाव सत्तर वर्षं करत होतं. आबांना ते माहीत नव्हतं, हे मी मानते. त्यांना ते लहानपणापासून मान म्हणूनच शिकवलं गेलं होतं. पण मी शिकलेली बाई. मी एका बाजूला विचारलं, दुसऱ्या बाजूला विचारलं नाही, आणि ते फरशीवर कोरून घेतलं.

तिथून निघून मी आधी रिक्षावाल्याला गाठलं. सांगितलं. तो गोरामोरा झाला. "आयला, मला कुठं ठावं हुतं मॅडम? पाहुण्यांना भारी वाटतं म्हणून आपलं वरडायचो." त्यानं खरंच बंद केलं, आठवडाभर. मग मोबाइलवर बघून आलेले पाहुणेच म्हणायला लागले, ते हाक मारतात ते दाखवा ना. त्यानं पुन्हा सुरू केलं, आवाज जरा खाली आणून.

सरपंचांना म्हणाले, फलकाचा मजकूर बदलू या.

"आवं मॅडम, तुमचंच वाक्य हाय की! बीडीओ साहेबांनी वाचलंय. आता काय म्हणून बदलायचं?"

"चुकीचं आहे म्हणून."

"मग तवा कोनी लिवलं चुकीचं?" ते मिश्किल हसले. वाईट माणूस नव्हता. त्याला यात खरंच काही दिसत नव्हतं, जसं वर्षभरापूर्वी मला दिसलं नव्हतं.

शेवटी मी तो विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतला. देवळासमोरच्या मांडवात सभा. आम्ही गाळे बांधल्यापासून बायका बऱ्याच यायच्या. मी उभी राहिले आणि म्हणाले की हे वाक्य माझं आहे, ते लिहिताना मी त्या घरात विचारलं नव्हतं, त्यातलं 'शतकानुशतके' खरं नाही, आणि त्या घरानं हाळी देऊ नका म्हणून तेव्हाच सांगितलेलं आहे. तर फलक काढावा आणि हाळीचाही गावानं विचार करावा.

 मग सगळे एकदम बोलले.

"आवं, आमी मान देतोय. मान दिलेला कुनाला टोचतो व्हय?" हे आबा.  त्यांना खरंच लागलं होतं.

"येसकर ही काय शिवी हाय का? त्येंच्याच सातबाऱ्यावर काय लिवलंय बघा की."

"देवाचं हाय ते. ते बंद करायचं म्हंजे काय पंखा हाय व्हय बटन दाबायला?"

"मॅडम, तुमी गावाच्या हायसा का त्येंच्या?" मागून कुणीतरी.

"तेही गावाचेच आहेत," मी म्हणाले. तेवढं एक वाक्य मी बरं बोलले.

मग भाकरीच्या गाळ्यावरची ती बाई उठली, नवरा गेल्यावर माहेरी निघालेली. तिचा अर्ज मी स्वतः भरला होता. ती खाली बघत म्हणाली, "बोर्ड काढला तर गाड्या थांबतील का? लोक तितंच तर फोटू काढत्यात." तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. तिला दोन पोरी होत्या.

सेविका शेवटच्या ओळीत बसली होती. ती बोलेल म्हणून मी तिच्याकडे दोनदा बघितलं. तिनं मान हलवून नाही सांगितलं. तिची जाऊ गाळ्यावरच थांबली होती, सभेला आली नव्हती. सासरेही आले नव्हते.

पुढच्या सभेत विचार करू, असं ठरलं. 'विषय तहकूब' हे शब्द मी माझ्या हातानं लिहिले.

पुढची सभा होईपर्यंत माझी पदोन्नती आली. विस्तार अधिकारी म्हणून, दुसऱ्या तालुक्यात. माझ्या कामाबद्दल जे प्रशस्तिपत्र होतं त्यात या प्रस्तावाचा उल्लेख होता. गाव सोडायला महिना होता. त्या महिन्यात मी दुरुस्तीच्या नावाखाली तो फलक उतरवून ग्रामपंचायतीच्या कोठीत टाकू शकले असते. असल्या पळवाटा आम्हाला तोंडपाठ असतात. मग सरपंचांनी तक्रार केली असती, चौकशी लागली असती, पदोन्नती अडली असती. मी फलक उतरवला नाही. कुणी मला अडवलं नव्हतं.

त्याच महिन्यात सेविकेनं राजीनामा दिला. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते, आणि ती मंडळी नणंदेच्या शेजारी मलकापूरला भाड्याच्या घरात जायला निघाली होती. राजीनामा वरच्या ऑफिसात गेला. माझ्याकडे ती फक्त खोलीची किल्ली द्यायला आली.

"मामा म्हणत्यात, आता हितं मरायचं न्हाई," ती म्हणाली. "त्येंचं चालतंय. माझी पंधरा वर्सं गेली हितं."

मी काहीतरी म्हणाले. थांब, सभा होऊ दे, असं काहीतरी.

"त्या कोपऱ्यातल्या घरची धाकली पोरगी, तिचं वजन घटतंय," ती म्हणाली. "नव्या बाईला सांगा. आन तिची आय खोटं बोलती, पोरगी जेवली म्हणून. जेवत न्हाई ती. बसवून भरवाय लागतं."

नवी बाई सात महिने नेमली गेली नाही. हे मला नंतर कळलं. खोलीला कुलूप होतं. वारशानं गावाला काय दिलं याचा अहवाल मी लिहिला होता. सात महिने बंद राहिलेली अंगणवाडी त्यात कुठल्या रकान्यात गेली असती, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी कऱ्हाडला एका बैठकीला गेले होते. बैठक लवकर संपली. मलकापूर तिथून जवळच. पत्ता तिच्या जावेकडून घेतलेला होता, तो बरेच महिने पर्समधे पडून होता. गेले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सासरे गॅलरीत बसले होते, खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत. मला ओळखलं. "जयभीम" म्हणाले. या वेळी मीही "जयभीम" म्हणाले. त्यांनी भुवई उंचावून सुनेकडे बघितलं. ती एका खासगी बालवाडीत जात होती. पैसे बरे होते, पण पोरं पावडर लावून, डबे घेऊन येतात आणि सगळ्यांची वजनं भरलेली, त्यामुळे काम करावंसं वाटत नाही, म्हणाली.

चहा झाला. मी म्हणाले, "माझं चुकलं. तू पान काढ म्हणाली होतीस तेव्हाच काढायला पाहिजे होतं. आणि नंतर फलकही. मला काढता आला असता तो."

तिनं कप उचलले. आत ठेवून आली. ओढणीला हात पुसत बसली.

"मॅडम, तुमी माफी मागाय आलाय का फाइल बंद कराय?"

मी चोवीस वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते आहे. या प्रश्नाला मी म्हणाले, "दोन्ही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना बघितलं. "खरं बोललासा. पर फाइल काय बंद हुईत न्हाई. जत्रा पुढल्या महिन्यात हाय. पालखी थांबलंच की. कुलूप लावलेल्या घराला हाळी देत्याल."

"मी काय करू सांग."

"मी काय सांगू? तुमास्नी लिवता येतंय न्हवं? तवा एका बाजूनं लिवलं, आता दुसऱ्या बाजूनं लिवा. कोन वाचंल न वाचंल." मग ती जरा पुढे झुकली. "पर नाव घालू नगा. माझं न्हाई, मामांचं न्हाई. पुन्यांदा कुनी त्या नावानं हाक मारायला नगं."

गॅलरीतून सासरे म्हणाले, "आन शतकानुशतकं लिवू नका."

म्हणून हे लिहिलं. त्या दोघांची नावं घातली नाहीत, ती तिच्या सांगण्यावरून. गावाचं नावही घातलेलं नाही. ते मात्र तिनं सांगितलं म्हणून नाही. माझं अजून तिथल्या लोकांशी जाणं-येणं आहे, लग्नाच्या पत्रिका येतात, भाकरीच्या गाळ्यावरची बाई दिवाळीला फोन करते. नाव छापलं तर हे सगळं बंद होईल याची मला भीती वाटते. त्या घरानं ते केव्हाच बंद करून घेतलं. मला ते अजून जमलेलं नाही.